फ्रेंच खुली टेनिस स्पर्धा

मातीच्या मैदानावर खेळली जाणारी एक जगप्रसिद्ध व्यावसायिक टेनिस स्पर्धा. पुरुष व स्त्रिया या दोहोंसाठी असलेली ही स्पर्धा पॅरिसच्या पश्चिम भागातील रोलां गारोस या क्रीडासंकुलात दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस सुरू होऊन जूनच्या पूर्वार्धात संपते. खुद्द फ्रान्समध्ये ती संकुलाच्याच नावाने ओळखली जाते. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विंबल्डन व अमेरिकन या चार प्रमुख स्पर्धांना ‘ग्रँड स्लॅम’ ही संज्ञा आहे. त्यांपैकी विंबल्डन हिरवळीवर, तर ऑस्ट्रेलियन व अमेरिकन या स्पर्धा कृत्रिम कठीण पृष्ठभागावर होतात. मातीवर होणारी फ्रेंच ही एकमेव होय. (अमेरिकन स्पर्धाही १९७५ ते १९७७ अशी तीन वर्षे मातीवर खेळली गेली, परंतु तो प्रयोग पुढे चालू राहिला नाही.) स्पर्धेचे संयोजन फ्रेंच टेनिस महासंघ करतो. पुरुष व स्त्रिया यांच्या एकेरीत प्रत्येकी १२८ खेळाडू असतात. शिवाय दोहोंची दुहेरी, मिश्र दुहेरी, कुमार-कुमारी गट व चाकाच्या खुर्चीवरून खेळणारे खेळाडू यांचे स्वतंत्र सामने होतात. पुरुषांच्या एकेरीत पाचांपैकी तीन, तर स्त्रियांच्या एकेरीत तिहींपैकी दोन सेट जिंकणारा विजयी ठरतो. एकेरीतील विजेत्या पुरुषास ‘मस्केटिअर्स चषक’ व विजेत्या स्त्रीस ‘सूझान लंग्लेन चषक’ देण्यात येतो.

या स्पर्धेचे सारे वेगळेपण तिच्या मैदानात आहे. वास्तविक ‘माती’ हा शब्द येथे सैलपणेच वापरला जातो. प्रेक्षकाला दिसतो तो तांबडा थर विटांच्या भुकटीचा असून त्याची जाडी अवघी एक ते दोन मिलिमीटर असते. त्याखाली सुमारे सहा ते सात सेंटिमीटर जाडीचा पांढऱ्या चुनखडीच्या चुऱ्याचा थर, त्याच्या खाली जळालेल्या कोळशाच्या खंगराचा थर, मग खडी आणि अगदी तळाशी मोठे दगड, अशी ही रचना असते. म्हणजे मैदान खऱ्या अर्थाने चुनखडीचे असून विटांची भुकटी ही त्याची केवळ त्वचा होय. चुनखडी सच्छिद्र असल्याने ती पाणी धरून ठेवते व वरच्या थरास ओलावा पुरविते. जादा पाणी खंगर व खडी यांतून खाली निचरून जाते. पाणी हाच या मैदानाचा प्राण आहे. ते कमी पडले, तर भुकटी वाऱ्याने उडते व खालचा पांढरा थर उघडा पडू लागतो. अधिक झाले, तर चेंडू चिखल धरतो. त्यामुळे सामन्यांपूर्वी व सामन्यांच्या दरम्यान मैदानावर पाणी शिंपडणे, सेट संपल्यावर जाळीचे तुकडे ओढून भुकटी सारखी करणे, रेषा झाडून स्वच्छ करणे, ही कामे सेवक सतत करीत असतात. खेळाडूंइतकेच कौशल्य या सेवकवर्गाकडे असावे लागते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

विटांची भुकटी वापरण्याची कल्पना फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान येथे उगम पावली, असे सांगतात. विल्यम व अर्नेस्ट रेनशॉ या इंग्रज जुळ्या भावांनी १८८० च्या सुमारास तेथील हिरवळीची मैदाने उन्हाने करपू लागल्यामुळे त्यांवर भाजलेल्या मातीच्या भांड्यांचा चुरा पसरला. ही भांडी जवळच्या व्हालोरिस या कुंभारकामासाठी प्रसिद्ध असलेल्या गावातील होती, अशी ती हकीकत आहे. तात्पुरता उपाय म्हणून जे योजले, तेच पुढे युरोपच्या मोठ्या भागात आणि दक्षिण अमेरिकेत टेनिसचे नेहमीचे मैदान बनले.

चेंडू हिरवळीवर पडला म्हणजे घसरून सखल उसळतो. विटांच्या भुकटीवर मात्र त्याचे घर्षण अधिक होते व त्याचा पुढे जाण्याचा वेग बराच कमी होतो. शिवाय चेंडू टेकताना सुट्या कणांची एक चिमुकली रास त्याच्या पुढे साचते व तिला अडून तो अधिक उभा उसळतो. या एवढ्याशा भौतिक कारणाने खेळाचे स्वरूपच पालटते. हिरवळीवर ज्या सर्व्हिसला उत्तर देणे कठीण, ती येथे प्रतिस्पर्ध्याच्या आवाक्यात येते. सर्व्हिस करून जाळ्याकडे धाव घेणाऱ्यास प्रतिस्पर्ध्याकडून बाजूने चेंडू काढून दिला जाण्याची धास्ती असते, कारण प्रतिस्पर्ध्याला फटका योजण्यास पुरेसा वेळ मिळतो. एकच गुण मिळविण्यासाठी वीस-वीस, तीस-तीस फटके चालतात. टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला वरून पुढच्या दिशेने दिलेली फिरकी, येथे विशेष फलदायी ठरते. असा चेंडू खांद्याच्याही वर उसळतो आणि तेथून जोरकस फटका मारणे बहुतेकांना अवघड जाते. पाय रोवून थांबण्याऐवजी फटक्याच्या आधीच घसरण्यास प्रारंभ करून फटका संपताना घसरणेही संपवावयाचे, ही या मैदानावरील चालीची खास रीत आहे. बालपणापासून मातीवर वाढलेल्या स्पॅनिश, इटालियन वा अर्जेंटिनी खेळाडूला ती श्वासासारखी सहज असते. इतरांना ती प्रौढपणी शिकावी लागते व पुष्कळांना ती कधीच नीट साधत नाही.

हवामानाचा प्रभावही इतर मैदानांच्या मानाने येथे अधिक जाणवतो. कडक उन्हाच्या दिवशी मैदान कोरडे होऊन वेगवान बनते; ढगाळ व दमट दिवशी चेंडू भुकटी धरून जड होतो. एकाच सामन्यात, पावसाच्या एका सरीपूर्वी व नंतर, दोन निराळी मैदाने असल्यासारखे वाटते. कोव्हिडच्या साथीमुळे २०२० ची स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये थंडीत घ्यावी लागली, तेव्हा या गुणधर्माचा विशेष प्रत्यय आला. लांबलेल्या सामन्यांबद्दल तर ही स्पर्धा ख्यातच आहे. २००४ मध्ये फाब्रिस सांतोरो याने आर्नो क्लेमां याच्यावर मिळविलेला विजय ६ तास ३३ मिनिटांच्या, दोन दिवसांत विभागलेल्या खेळानंतर पदरी पडला. अखेरचा सेट १६–१४ असा होता. निर्णायक सेटमध्ये दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळत राहण्याचा हा नियम २०२१ पर्यंत टिकला. २०२२ पासून सहा-सहा अशी बरोबरी झाल्यास दहा गुणांचा टायब्रेक खेळविण्यात येऊ लागला. तरीही २०२५ च्या अंतिम सामन्यास ५ तास २९ मिनिटे लागली. स्पेनच्या कार्लोस आल्काराझने पहिले दोन सेट गमावल्यावर व चौथ्या सेटमध्ये सामना गमावण्यास केवळ एक गुण उरला असता तीनदा सावरून इटलीच्या यानिक सिनरला हरविले. या स्पर्धेतील हा सर्वांत दीर्घ अंतिम सामना होय.

अशा मैदानाने कीर्तिमान खेळाडूंचा जो पाडाव केला, त्याची यादी विजेत्यांच्या यादीइतकीच बोलकी आहे. विंबल्डन सात वेळा जिंकणारा पीट सँप्रस येथे १९९६ मध्ये एकदाच उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. बोरिस बेकर व जिमी कॉनर्स यांनाही हे विजेतेपद लाभले नाही. (कॉनर्सला १९७४ मध्ये, तो उरलेल्या तिन्ही स्पर्धा जिंकत असताना, अमेरिकेतील सांघिक टेनिसशी केलेल्या करारामुळे प्रवेशच नाकारण्यात आला होता.) जॉन मॅकेन्रो १९८४ मध्ये लागोपाठ ४२ सामने जिंकून अंतिम फेरीत आला व इव्हान लेंडलविरुद्ध त्याने पहिले दोन सेटही घेतले, नंतरचे तीन मात्र लेंडलने जिंकले. स्टेफान एडबर्ग १९८९ च्या अंतिम सामन्यात मायकेल चँगकडून हरला. चँगचे वय त्या वेळी १७ वर्षे ३ महिने होते आणि पुरुषांच्या ग्रँड स्लॅम विजेत्यांत तो सर्वांत लहान होय. चौथ्या फेरीत लेंडलशी खेळताना पायांत गोळे आल्याने त्याला नीट उभे राहणेही कठीण झाले होते; निर्णायक सेटमध्ये त्याने हात खाली ठेवून केलेली सर्व्हिस टेनिसच्या इतिहासात अजरामर झाली आहे. जोर अपुरा पडला तरी चिकाटी व युक्ती यांना येथे वाव राहतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

उलटपक्षी, ज्यांना या मैदानाचे मर्म उमगले त्यांनी ते वर्षानुवर्षे आपल्या ताब्यात ठेवले. स्वीडनच्या ब्यॉर्न बोर्गने १९७४ ते १९८१ या काळात सहा वेळा व अमेरिकेच्या ख्रिस एव्हर्टने १९७४ ते १९८६ या काळात सात वेळा एकेरीचे विजेतेपद मिळविले. ऑगस्ट १९७३ ते मे १९७९ या अवधीत मातीवरील लागोपाठ १२५ सामने एव्हर्टने जिंकले. पश्चिम जर्मनीच्या व पुढे एकत्रित जर्मनीच्या स्टेफी ग्राफने सहा, युगोस्लाव्हियाच्या मोनिका सेलेसने १९९० ते १९९२ मध्ये सलग तीन, बेल्जियमच्या ज्यूस्तीन एनँने चार व पोलंडच्या इगा श्व्योंतेकने २०२० ते २०२४ या पाच वर्षांत चार विजेतीपदे संपादन केली. २०११ मध्ये विजयी झालेली चीनची ली ना ही ग्रँड स्लॅम एकेरी जिंकणारी पहिली आशियाई खेळाडू होय. २०२५ मध्ये अमेरिकेच्या कोको गॉफने आरिना सबालेन्कावर पहिला सेट गमावूनही विजय मिळविला. परंतु या सर्वांहून स्पेनच्या राफाएल नादालची कामगिरी निराळ्याच कोटीतील आहे. २००५ ते २०२२ या काळात त्याने १४ विजेतीपदे मिळविली, एकही अंतिम सामना गमावला नाही आणि एकूण ११६ सामन्यांपैकी ११२ जिंकले. डाव्या हाताने मारलेला त्याचा फिरकीचा फोरहँड उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहँडकडे खांद्यापलीकडे उसळे. मैदानाच्या स्वभावाशी इतका जुळलेला फटका दुसऱ्या कोणास क्वचितच लाभला असेल. त्याच्या निवृत्तीनंतर २०२५ मध्ये त्याच्या पावलाचा ठसा असलेली पट्टिका मुख्य मैदानावर बसविण्यात आली.

स्पर्धेचा आरंभ १८९१ मध्ये झाला. परंतु त्या वेळी ती फ्रेंच क्लबांच्या सभासदांपुरतीच मर्यादित होती. पहिला विजेता पॅरिसमध्ये राहणारा एच्. ब्रिग्ज हा इंग्रज होता, हा एक योगायोगच म्हणावयाचा. स्त्रियांची एकेरी १८९७ पासून सुरू झाली. परदेशी हौशी खेळाडूंना १९२५ मध्ये प्रवेश मिळाला व तेव्हापासून स्पर्धेस आंतरराष्ट्रीय स्वरूप आले. त्या सुमारास फ्रेंच टेनिस वैभवाच्या शिखरावर होते. सूझान लंग्लेन (१८९९–१९३८) हिने १९२० ते १९२६ या काळात सहा वेळा हे विजेतेपद मिळविले. तिचा नृत्यासारखा पदन्यास व गुडघ्यापर्यंतचा मोकळा वेश यांनी स्त्रियांच्या टेनिसची चालू कल्पनाच बदलून टाकली. पुरुषांत झां बोरोत्रा, झाक ब्रुन्यों, आंरी कोशे व रने लाकोस्त हे चौघे ‘मस्केटिअर्स’ या नावाने गाजले. त्यांनी १९२७ मध्ये अमेरिकेत जाऊन डेव्हिस चषक जिंकला आणि त्यामुळे पुढील वर्षी चषकाच्या रक्षणाचा सामना पॅरिसमध्ये घेणे भाग पडले. त्यासाठी पुरेसे मोठे क्रीडागार नव्हते, म्हणून १९२८ मध्ये पोर्त दोतय येथे नवे उभारण्यात आले.

ही जागा देणाऱ्या ‘स्ताद फ्रांसे’ या क्रीडासंस्थेची एकच अट होती : क्रीडागारास आपला दिवंगत सभासद रोलां गारोस (१८८८–१९१८) याचे नाव द्यावे. गारोस हा वैमानिक होता. २३ सप्टेंबर १९१३ रोजी त्याने फ्रान्समधील फ्रेझ्यूसपासून ट्युनिशियातील बिझर्तपर्यंत, वाटेत न थांबता, भूमध्य समुद्र प्रथमच ओलांडला. पहिल्या महायुद्धात तो शत्रूच्या हाती सापडला, निसटून पुन्हा युद्धात उतरला आणि वयाला तीस वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी हवाई झुंजीत मारला गेला. टेनिसपटू म्हणून त्याची काहीच ख्याती नव्हती. तथापि जगातील अग्रगण्य टेनिसस्थानांपैकी एकास त्याचेच नाव मिळाले आहे. या क्रीडागारात फ्रान्सने १९३२ पर्यंत डेव्हिस चषक राखला.

क्रीडागाराच्या इतिहासात एक काळे पर्वही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी फ्रेंच शासनाने परदेशी नागरिक व राजकीय संशयित यांना येथे स्थानबद्ध करून ठेवले होते. लेखक आर्थर केस्लर हा त्यांपैकी एक होता. १९४० मध्ये स्पर्धा झाली नाही आणि जर्मन अंमलाच्या काळात १९४१ ते १९४५ मध्ये झालेल्या सामन्यांना अधिकृत मान्यता नाही. १९३८ व १९३९ ची विजेती सिमॉन मात्यू हिने फ्रान्सच्या पराभवानंतर इंग्लंडमध्ये द गॉलच्या स्वतंत्र फ्रेंच सेनेच्या स्त्री-स्वयंसेविका दलाची उभारणी केली. २०१९ मध्ये बांधलेल्या तिसऱ्या मोठ्या मैदानास तिचे नाव दिले आहे. ओतयच्या जुन्या वनस्पतिउद्यानात, चारही बाजूंनी काचगृहांच्या मध्ये, जमिनीच्या पातळीखाली बसविलेले हे मैदान दर्शनीय आहे. मात्र उद्यानाची जागा घेण्यास निसर्गप्रेमी व स्थानिक रहिवासी यांनी दीर्घकाळ विरोध केला होता. संकुल पॅरिसबाहेर हलविण्याचा विचार २०११ मध्ये सोडून देण्यात आल्यावर हा विस्तार अपरिहार्य ठरला. मुख्य मैदानावर, म्हणजे फिलिप शात्रिए मैदानावर, २०२० मध्ये व सूझान लंग्लेन मैदानावर २०२४ मध्ये सरकते छप्पर बसले. त्यामुळे पाऊस सामन्यांचा पूर्वीइतका शत्रू राहिलेला नाही.

‘खुली’ हे विशेषण स्पर्धेस १९६८ मध्ये प्राप्त झाले. तोपर्यंत पैसे घेऊन खेळणाऱ्यास प्रमुख स्पर्धांचे दरवाजे बंद होते. त्या निर्बंधाची किंमत केन रोझवॉलच्या उदाहरणावरून समजते. या ऑस्ट्रेलियन खेळाडूने १९५३ मध्ये हौशी म्हणून येथे विजेतेपद मिळविले, पुढे व्यवसाय पत्करला आणि ऐन उमेदीच्या काळात अकरा वर्षे तो ग्रँड स्लॅम स्पर्धांबाहेर राहिला. १९६८ ची फ्रेंच स्पर्धा ही हौशी व व्यावसायिक या दोहोंना मोकळी असलेली पहिली ग्रँड स्लॅम स्पर्धा. नेमके त्याच वेळी पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांचे उठाव व कामगारांचा देशव्यापी संप चालू होता. आगगाड्या व विमाने बंद, पेट्रोल दुर्मिळ, अशा स्थितीत खेळाडू मिळेल त्या वाहनाने येऊन पोहोचले आणि करमणुकीचे दुसरे साधन न उरलेल्या पॅरिसकरांनी मैदानावर गर्दी केली. अंतिम सामन्यात रोझवॉलने रॉड लेव्हरवर मात करून पंधरा वर्षांनी पुन्हा विजेतेपद मिळविले. स्त्रियांत अमेरिकेची नॅन्सी रिची विजयी झाली. परंतु तिची नोंद हौशी म्हणून असल्याने तिला बक्षिसाची रक्कम न मिळता केवळ खर्चापुरते पैसे मिळाले. दरवाजा उघडला होता खरा, पण तो सर्वांसाठी सारखा उघडला नव्हता. पारितोषिकांच्या बाबतीत विजेता व विजेती यांना समान रक्कम २००६ पासून आणि सर्व फेऱ्यांत समान रक्कम २००७ पासून देण्यात येऊ लागली. तरीही प्रश्न पूर्णतः मिटला नाही. २०२१ पासून मुख्य मैदानावर रात्री एकच सामना ठेवण्याची पद्धत सुरू झाली आणि २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षांत त्या सत्रासाठी स्त्रियांचा एकही सामना निवडला गेला नाही. पुरुषांचे सामने किमान तीन सेटचे असल्याने प्रेक्षकांना तिकिटाचा मोबदला मिळतो, हे संयोजकांचे समर्थन आहे. स्पर्धेची सूत्रे २०२२ पासून आमेली मोरेस्मो या माजी अग्रगण्य स्त्री-खेळाडूकडे असतानाही हा वाद चालू राहावा, हे लक्षणीय आहे.

आणखी एक वाद मैदानाच्या मूळ गुणधर्मातूनच निर्माण झालेला आहे. चेंडू भुकटीवर पडला की आपला ठसा मागे ठेवतो. शंका आल्यास पंच उंच खुर्चीवरून खाली उतरून तो ठसा पाहतो व रेषेस स्पर्श झाला की नाही याचा निर्णय देतो. ठसा हा वादातीत पुरावा वाटतो. परंतु कोणता ठसा कोणत्या फटक्याचा, यावरच अनेकदा तंटा उद्‌भवतो. १९९९ च्या अंतिम सामन्यात स्टेफी ग्राफविरुद्ध आघाडीवर असलेली मार्टिना हिंगिस स्वतः जाळ्यापलीकडे जाऊन ठसा पाहू लागली. नियमभंगाबद्दल तिला एका गुणाचा दंड झाला, प्रेक्षक तिच्यावर उलटले आणि हातात आलेला सामना तिने गमावला. एकेरीचे हे विजेतेपद तिला पुढेही मिळाले नाही. रेषापंचांऐवजी यांत्रिक नेत्रांवर विसंबण्याची पद्धत इतर स्पर्धांनी क्रमाक्रमाने स्वीकारली. २०२५ मध्ये विंबल्डननेही रेषापंचांना निरोप दिला व त्या वर्षी रेषापंच ठेवणारी फ्रेंच ही एकमेव ग्रँड स्लॅम स्पर्धा उरली. आपल्या पंचांचे प्रशिक्षण व मैदानावरचा प्रत्यक्ष ठसा यांवर आपला विश्वास आहे, अशी महासंघाची भूमिका आहे. ती केवळ जुन्याचा अभिमान म्हणून सोडून देता येत नाही. भुकटीचा थर सर्वत्र सारख्या जाडीचा नसल्याने यंत्राचा निर्णय व डोळ्यांना दिसणारा ठसा यांत अंतर पडू शकते. त्याच वर्षी माद्रिदच्या मातीवरील स्पर्धेत यंत्राचा निर्णय न पटल्याने आलेक्झांडर झ्वेरेव्ह या जर्मन खेळाडूने ठशाचे छायाचित्र आपल्या दूरध्वनीवर घेतले आणि पंचाची ताकीद ओढवून घेतली.

यजमान फ्रेंच खेळाडूंच्या वाट्याला गेल्या अर्धशतकात फारसे यश आलेले नाही. पुरुषांत यानिक नोआ (१९८३) व स्त्रियांत मारी पिएर्स (२०००) हे एकेरीचे अखेरचे फ्रेंच विजेते होत.

भारतीय खेळाडूंचे या स्पर्धेशी नाते प्रामुख्याने दुहेरीतून जुळले आहे. रमेश कृष्णनने १९७९ मध्ये कुमारांचे विजेतेपद मिळविले. परंतु प्रौढांच्या एकेरीत कोणीही भारतीय विजयी झालेला नाही. भारतीय टेनिसची जुनी परंपरा हिरवळीवर वाढलेली, हळुवार स्पर्शाची व जाळ्याजवळच्या खेळाची. रामनाथन कृष्णन व विजय अमृतराज यांचे मोठे यशही विंबल्डनच्या हिरवळीवरचे आहे. दुहेरीत मात्र मातीवरही जाळ्याजवळचा खेळाडू चेंडू मध्येच अडवू शकतो, फटक्यांची देवाणघेवाण लवकर संपते व हीच परंपरा उपयोगी पडते. १९९७ मध्ये महेश भूपतीने जपानच्या रिका हिराकीसह मिश्र दुहेरी जिंकली व ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळविणारा तो पहिला भारतीय ठरला. लिअँडर पेस व भूपती या जोडीने पुरुष दुहेरी १९९९ व २००१ मध्ये जिंकली. पेसने २००९ मध्ये चेक खेळाडू लुकाश द्लोही याच्यासह पुरुष दुहेरी व २०१६ मध्ये हिंगिससह मिश्र दुहेरी जिंकली. मुंबईत जन्मलेली व हैदराबादेत वाढलेली सानिया मिर्झा २०११ मध्ये स्त्रियांच्या दुहेरीत उपविजेती होती. पुढच्याच वर्षी भूपतीसह तिने मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळविले. २०१७ मध्ये रोहन बोपण्णाने कॅनडाच्या गाब्रिएला दाब्रोव्स्कीसह तेच विजेतेपद संपादन केले.